चौथ्या नंबरचं नाव

आमच्या पूर्णेच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका देवाला खाणाखुणा सांगतात. "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आमच्या बहिणीचा मुलगा, डाव्या भुवईवर व्रण असलेला, उंच, सावळा, दुपारच्या पॅसेंजरनं गेलेला, तो आज मनमाडला असो की सिकंदराबादला असो, त्याला घराकडं वळव." पोलीस ठाण्यातल्या तक्रारीत मी स्वतः एवढं सविस्तर लिहून दिलं नव्हतं. दर शनिवारी चार वाजता, चर्चच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसून हे चालायचं आणि दर शनिवारी माझ्या डोक्यात तिडीक जायची. ज्याच्या खाणाखुणा देवाला कळवल्या जात होत्या तो माझा मोठा भाऊ.

दादा गेला त्याला अठरा वर्षं झाली. रविवार होता, उपासना आटोपून सगळे जेवायला बसले होते आणि वडिलांचं आणि त्याचं वाजलं. कशावरून ते आता सांगण्यासारखंही राहिलेलं नाही. वडील रेल्वेत गँगमन होते, त्यांचा आवाज रुळावर काम करून करून मोठा झालेला. दादानं ताट सरकवलं, बॅग घेतली आणि स्टेशनवर जाऊन जी गाडी उभी होती तीत बसला. पूर्णा जंक्शन आहे. तिथून माणूस चारी दिशांना जाऊ शकतो, त्यामुळं कुठल्या दिशेला शोधायचं हाच पहिला प्रश्न होता. तो अजून सुटलेला नाही. पाच वर्षांनी वडील वारले. तेव्हा तरी तो येईल म्हणून आईनं दफन सूर्य मावळेपर्यंत थांबवलं होतं.

शोधणं माझ्याकडं आलं. कुणीतरी सांगायचं, नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये ताटं धुताना पाहिला. मी रजा टाकून नांदेडला. दोन दिवस लंगरमध्ये जेवले, ताटं धुणाऱ्या प्रत्येकाची भुवई पाहिली. कुणी म्हणायचं, सेलूला कापसाच्या जिनिंगवर अगदी तसाच माणूस आहे. मी सेलूला. तो माणूस जिंतूरकडचा निघाला आणि मी त्याच्या तोंडाकडं टक लावून पाहतेय म्हणून त्याची बायको माझ्यावर खवळली. देवगाव फाट्यावरच्या एका चहावाल्यानं तर फोटो बघून ठामपणे सांगितलं की हा काल इथंच बसला होता. आदल्या दिवशीही असंच त्यानं दुसऱ्या कुणाला सांगितलं असावं. असं करता करता माझं लग्न झालं, परभणीत जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, मुलगी दहावीत गेली. कुणी "तुझ्या दादासारखा" असं नुसतं म्हटलं तरी मला राग यायला लागला.

आणि आई पूर्णेतच. रुळापलीकडच्या वस्तीत पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, ते वडिलांनी दादा असतानाच बांधलं होतं. गेल्या नोव्हेंबरमध्ये ती न्हाणीत घसरून पडली आणि उठता येईना म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत तशीच ओल्यात पडून राहिली. दुधाचं पातेलं दाराबाहेर तसंच दिसलं म्हणून शेजारीण आत गेली. हाड मोडलं नव्हतं एवढंच. वय बहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले, साखर वर-खाली होणारी. मी परभणीच्या घरात खालची खोली रिकामी केली, संडासात धरायला दांडा बसवून घेतला, माझ्या नवऱ्यानं स्वतः जाऊन पलंग आणला. आई म्हणाली, "मी न्हाई येत."

"का?"

"तो आला आन् दाराला कुलूप असलं तर?"

"शेजारणीला सांगून ठेवू की. माझा नंबर दारावर लिहून ठेवते."

"तो कुणाला इचारायचा न्हाई. लाजरं हाय पोरगं."

त्या लाजऱ्या पोराचं वय आता शेहेचाळीस असेल, असेल तर. हे मी तिला बोलले आणि मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेले. म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल. पाळकसाहेबांनी डोळे मिटून माझं सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी पाऊण तास आशेवर उपदेश केला. ख्रिस्ती माणसाची आशा कशी जहाजाच्या नांगरासारखी असते, हलत नाही, सुटत नाही. आई पहिल्या रांगेत मान डोलावत बसली होती. मी मागं बसून दात खात होते. ती हलत नव्हती हीच तर माझी तक्रार होती.

माझ्या स्वतःच्या विश्वासाचं काय, तर खरं सांगायचं म्हणजे तो हजेरीपुरता उरला होता. मी उपासनेला जायची, पोरांना रविवारच्या शाळेत गाणी शिकवायची, जेवणाआधी हात जोडायची. कुणी प्रार्थना करायला सांगितलं तर सगळ्यांना पाठ असलेली चार वाक्यं म्हणून मोकळी व्हायची. देवाशी माझं भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं.

तर ती शनिवारची महिला सभा. शनिवारी माझी शाळा सकाळची असते. दुपारची गाडी पकडून मी पूर्णेला यायची, गाडी नेमानं स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, आउटरला, अर्धा तास उभी राहायची, मग मी आईला हाताला धरून सभेला न्यायची. तिथं विनंत्यांची वही असते. कुणाचं दुखणं, कुणाच्या पोराची नोकरी, कुणाचा दारू पिणारा नवरा, सगळं नंबर घालून लिहिलेलं. एकीनं एकेक विनंती वाचायची आणि पाळीपाळीनं एकेकीनं त्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. माझं अक्षर चांगलं आणि आवाज शाळेतला, म्हणून वाचायचं काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं. वाचणारीला प्रार्थना करावी लागत नाही, म्हणून मीही ते आनंदानं घेतलं.

त्या वहीचा एक नियम आहे. दर जानेवारीत नवी वही सुरू करायची. ज्या विनंत्या वर्षभरात ऐकल्या गेल्या त्यांचे जुन्या वहीतच आभार मानायचे आणि त्या तिथंच ठेवायच्या. ज्या ऐकल्या गेल्या नाहीत तेवढ्याच नव्या वहीत उतरवायच्या. म्हणजे नवी कोरी वही उघडली की त्यात सगळ्या न ऐकलेल्याच. एवढ्या बायकांत हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं. उलट नव्या वहीला त्या हात लावून नमस्कार करायच्या. दादाचं नाव अठरा वर्षं चौथ्या नंबरवर होतं. त्याच्या आधीचे तीन नंबर मंडळी, पाळक आणि देशाचं सरकार यांच्यासाठी राखलेले, ते कधीच बदलत नाहीत. म्हणजे माणसांत पहिला नंबर दादाचा. इतकी जुनी विनंती वहीत दुसरी नव्हती.

ती वही उतरवायचं कामही माझंच. नाताळच्या सुट्टीत परभणीच्या घरी, दुपारी, जेवणाच्या टेबलावर मी दोन्ही वह्या उघडून बसले. मंडळी लिहिली. पाळक लिहिले. सरकार लिहिलं. आणि चार नंबरवर मी एका बाईच्या सुनेचं पाठीचं दुखणं लिहिलं, जे जुन्या वहीत पाच नंबरवर होतं. हात थांबला नाही. पुढचं सगळं एकेक नंबर वर सरकवत मी तीस विनंत्या लिहून काढल्या आणि वहीला तपकिरी कव्हरसुद्धा घातलं.

मी काय विचार केला होता तेही लिहिते, कारण तो मी नीट केला होता. मला वाटलं, या बायकांनीच आईला धरून ठेवलंय. दर शनिवारी त्या व्रणासकट त्याला तिच्यासमोर उभा करतात, मग ती घर कशी सोडेल? महिना-दोन महिने नाव कानावर पडलं नाही तर तिची पकड आपोआप ढिली होईल. बायकांच्या लक्षात येणार नाही, कारण त्या वहीत बघत नाहीत, माझ्या तोंडाकडं बघतात. आईच्या लक्षात येईल, ती ओरडेल, मग मी म्हणेन, चुकून राहिलं, पुढच्या वेळी लिहू. आणि पुढच्या वेळी पुन्हा राहील. मुलांना शिकवणाऱ्या बाईनं असला डाव रचावा याची मला तेव्हा लाज वाटली नाही. न्हाणीतल्या ओल्यात पडलेली आई माझ्या डोळ्यांसमोर होती.

जानेवारीतला पहिला शनिवार. अकरा बायका, व्हरांड्यात तिरकं ऊन, सगळ्यांच्या अंगावर शाली. नव्या वहीला हात लावून झालं. मी वाचायला लागले. एक, दोन, तीन. पाळकीणबाईंनी सरकारसाठी बरीच लांब प्रार्थना केली. मग मी म्हटलं, "चार," आणि सुनेचं पाठीचं दुखणं वाचलं. जिची पाळी होती तिनं डोळे मिटून पाठीचं दुखणं देवाच्या हवाली केलं. कुणीही काही बोललं नाही.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून आईकडं पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, आणि पदर कपाळावर आणखी खाली ओढून मान खाली घातली. एवढंच. मी पाच वाचलं, सहा वाचलं. तिची पाळी आली तेव्हा तिनं कुणाच्या तरी नातीच्या परीक्षेसाठी नीट, शांतपणे प्रार्थना केली. मला हवं होतं तेच घडत होतं आणि तरी मी प्रत्येक नंबरानंतर तिच्याकडंच बघत होते. तीस नंबर संपले. मी वही मिटली.

"अजून एक हाय," कुणीतरी म्हणालं.

ती आमच्या सभेतली सगळ्यात म्हातारी बाई. रेल्वेच्या दवाखान्यात तिची सगळी नोकरी आया म्हणून गेली. अक्षर ओळखत नाही. तिथं रोग्यांची नावं लक्षात राहत नसत म्हणून ती खाटांच्या नंबरावरून कुणाला काय द्यायचं ते ध्यानात ठेवायची, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या विनंत्याही तिनं तशाच ध्यानात ठेवल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

"संपली वही, मावशी," मी म्हटलं.

"वही संपली असंल. चार नंबरच्या खाटंवर दुसराच रोगी आणून टाकलास तू. आमचा कुठं गेला? बरा होऊन घरी आला का?"

कुणी हसलं नाही. पाळकीणबाई घाईघाईनं म्हणाल्या, "राहिलं असेल लिहिताना, इतकं मोठं काम असतं." मी मान हलवली. हो, राहिलं. आता लिहिते. मी पेन शोधायला लागले.

"लिवशील नंतर," म्हातारी म्हणाली. "आधी माग. इतकी सालं आमी मागितलं, आज तू माग त्याच्यासाठी."

"मी वाचणारी आहे."

"वाचून झालं न्हवं? मग?"

अकरा जणींनी डोळे मिटले. आईनंही. मी डोळे उघडे ठेवून बसले. म्हटलं, "देवा." पुढं "प्रेमळ" म्हणायचं असतं, ते तोंडातून येईना. पाठ असलेली चार वाक्यं आठवेनात. आणि मग जे बाहेर पडलं ते अडवायची शुद्ध मला राहिली नाही.

"देवा, अठरा वर्षं झाली. या बायका दर शनिवारी तुला तेच तेच सांगतात. आणखी काय सांगायचं राहिलंय? तो कुठं आहे ते तुला माहीत आहे. आम्हाला सांगायला तुझं काय जातं? जिवंत असेल तर त्याला एक फोन करायला लाव. नसेल तर तसं कळव, आम्ही एकदाचं रडून घेतो. माझ्या आईचं वय बघ. ती पडली तेव्हा तू कुठं होतास? मी त्याचं नाव मुद्दाम गाळलं. मला आता आशा धरवत नाही. तुला धरायची असली तर तू धर."

आमेन म्हणायचं माझ्याकडून राहिलंच. म्हातारी म्हणाली, "आमेन." मग एकेक करून बाकीच्या म्हणाल्या, कुणी घाबरत, कुणी नाक ओढत. सगळ्यांत शेवटी आई म्हणाली.

तेवढी खरी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. ती चांगली होती असं मी म्हणत नाही. पाळकीणबाई पुढं कितीतरी दिवस माझ्याशी जपून बोलत होत्या. पण इतकी वर्षं मी गोड बोलत होते तेव्हा समोर कुणी आहे असं मला कधी जाणवलं नव्हतं, आणि त्या दुपारी तावातावानं बोलताना एकदाही शंका आली नाही. रिकाम्या खोलीत कुणी असं भांडत नाही. देवानं उत्तर दिलं नाही, फोनही आला नाही. तरी मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचासुद्धा राग आला.

सभा सुटल्यावर मी आईला धरून रुळाच्या बाजूनं घरी निघाले. वाटेत मी म्हटलं, "तुला तेव्हाच कळलं होतं ना? चार नंबर वाचला तेव्हा?"

"कळलं की. वही तूच लिवतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" ती गुडघा धरून थांबली. "तू त्याची सख्खी बहीण. तूच गाळलंस, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मला वाटलं, एवढ्यावर संपलं. पण ती पुढं बोलली, चालता चालता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

"आन् तुला खरं सांगू का? मला लिवता येत असतं तर मीच गाळलं असतं. कैक सालाखालीच."

"काय?"

"लय थकले गं मी. कवाच थकले. घरी एकटी असले की त्याच्यासाठी तोंडातून शब्द फुटत न्हाई. तुझा बाप गेला तवाच आतून सुटलं समदं. पण शनिवारी त्या बाया त्याचं नाव घेत्यात. समद्या. त्याच्या भुवईचं बी सांगत्यात. मग मला वाटतं, माझ्याच्यानं हुईना, पण ह्यांच्याच्यानं हुतंय अजून. तेवढ्यावर मी आठवडा काढते."

ज्या बायकांनी आईला घरात कोंडून ठेवलंय असं मी समजत होते, त्यांनी तिला उभं धरलं होतं. ती आशेनं हट्टाला पेटली आहे असं मी सगळीकडं सांगत फिरले, पाळकांना, नवऱ्याला, शेजारणीला. तिच्याकडं आशा नव्हतीच. दुसऱ्यांकडं होती, आणि ती दर शनिवारी जाऊन त्यांच्यात बसायची. आणि नेमकं तेवढंच काढून घ्यायला मी निघाले होते. स्वतःचा इतका संताप मला कधीच आला नव्हता. त्या रस्त्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "चल आता, पाय दुखायलेत."

घरी गेल्यावर मी वही उघडली. चार नंबरवर सुनेची पाठ होती, तिला खोडणं बरं दिसेना. मग तीन आणि चारच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात, दादाचं नाव लिहिलं. माझ्या आजवरच्या वह्यांत इतकं वाईट अक्षर नसेल.

फेब्रुवारीत आईनं स्वतःच विषय काढला. मी भाकरी करत होते. ती म्हणाली, "येते तुझ्याकडं. पन शनिवारी मला इथं आणायचं. न चुकता."

म्हणजे आता दर शनिवारी मला आधी परभणीच्या घरून तिला रिक्षानं स्टेशनवर आणायचं, जिना चढवायचा, गाडीत खिडकीजवळची जागा मिळवायची, आउटरला अर्धा तास बसायचं, आणि संध्याकाळी हे सगळं उलटं करायचं. मी हो म्हटलं. कुरकुर करतच म्हटलं, आणि अजून करते.

निघायच्या दिवशी सामान रिक्षात ठेवून झालं. आईनं दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मी खडूनं दारावर माझा फोन नंबर लिहिला. आणि इतके दिवस जो प्रश्न ती मला विचारत आली, तो त्या दिवशी, कसा कोण जाणे, माझ्याच तोंडून निघाला.

"आई, पण तो खरंच आला आणि कुलूप दिसलं तर?"

"शनिवारी आला तर आमी हाईच इथं."

"आणि दुसऱ्या वारी आला तर?"

ती रिक्षात चढली, गुडघे हातानं उचलून आत घेतले आणि पदर नीट केला.

"अठरा सालं आपुन त्याला हुडकलं," ती म्हणाली. "आता त्यानं हुडकावं जरा आपल्याला."